शेअर्ड ड्राइव्हवरून उडालेली फाइल: शॅडो कॉपी की बॅकअप?
नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा आपल्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. तिथे शोधत बसू नका. विंडोज सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरावीक वेळी आपोआप टिपलेली फाइल्सची जुनी अवस्था) चालू असेल, तर माझं मत आधी तिलाच. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’; कालची तारीख उघडा आणि हवी ती फाइलच कॉपी करा. घाईत ‘रिस्टोअर’ दाबलंत, तर अख्खा फोल्डर मागे जाऊन सहकाऱ्यांचं आजचं काम पुसलं जाऊ शकतं. मात्र एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर) सहसा जास्तीत जास्त ६४ कॉपी राहतात, जागा संपली की जुन्या जातात.

बॅकअपसाठी ॲडमिनच्या मागे लागावं लागतं. पण बरीच रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस) शॅडो कॉपी पुसूनच टाकतात. तेव्हा भिस्त नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या बॅकअपवरच.