स्प्रिंकलर की होज रील?

सोसायटीच्या सभेत हा वाद हमखास निघतो: मजल्यावर होज रील (आग विझवायची, चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी) असताना छताला आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर कशाला?

होज रीलला माणूस लागतो. कुणीतरी जागं असावं, नळी ओढावी, व्हॉल्व्ह उघडावा, धुरात उभं राहावं. रात्री दोनला हे कोण करणार? स्प्रिंकलर कुणाची वाट पाहत नाही. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. लाल द्रवाची कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. तेही तापलेल्या हेडमधूनच, म्हणजे स्प्रिंकलरच्या त्याच तोंडातून. सगळ्या घरात एकदम पाऊस पडतो हे सिनेमातलं.

देखभालीत मात्र रील सोपी. नळी उलगडा, पाणी सोडून बघा, झालं. स्प्रिंकलरचा घात आपणच करतो: रंगारी हेडवर ब्रश फिरवतो, कुणी त्यावर कपडे वाळत घालतं, फॉल्स सीलिंगवाला ते झाकून टाकतो. रंग लागलेलं हेड खरवडू नका, बदलाच. आणि पंप 'ऑटो'वर आहे ना, मुख्य व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे दर आठवड्याला पाहा. गळती दुरुस्त करताना बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहणं, हा नेहमीचा घोळ.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, दोन्ही यंत्रणांसाठी. सहीपूर्वी एजन्सीला टेस्ट व्हॉल्व्ह (चाचणीसाठी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) उघडायला लावा.

माझं मत? झोपायच्या खोलीवर स्प्रिंकलर हवाच. रील जिन्यापाशी राहू द्या, कचऱ्याच्या डब्यातल्या आगीला तीच बरी.