साधा गेंगार की मेगा गेंगार?

पोकेमॉनमधला माझा फेव्हरेट गेंगार, आणि २०१३ ला एक्स-वाय गेममध्ये त्याचा मेगा (लढाईपुरतं मिळणारं जास्त ताकदवान रूप) आला तेव्हापासून हा वाद चालूच आहे. आकडे बघितले तर प्रश्नच नाही, स्पेशल अटॅक १३० चा १७० होतो, स्पीड ११० वरून १३०, वर डिफेन्स पण थोडा वाढतो. पण खरा राडा मेगाच्या शॅडो टॅग या क्षमतेचा, समोरच्याला पोकेमॉन बदलताच येत नाही (घोस्ट टाइप सोडून), मग पेरिश साँग (काही टर्न्सनी बेशुद्ध करणारी चाल) लावायचं नि प्रोटेक्टने वार अडवत बसायचं, तो गेलाच! म्हणून तर स्मोगॉन या फॅन साइटवाल्यांनी मेगाला उबर्समध्ये (अति-ताकदवानांच्या गटात) टाकला.

साध्याचा फायदा काय तर हातात धरायचा आयटम मोकळा राहतो, एका फटक्यात न पडू देणारा फोकस सॅश द्या नाहीतर वार जोरात करणारा लाइफ ऑर्ब, मेगाला मेगा स्टोनच धरावा लागतो आणि एका बॅटलमध्ये मेगा एकदाच. शिवाय एक्स-वायमध्ये साध्याला लेव्हिटेट (हवेत तरंगायची क्षमता) होतं, अर्थक्वेक ही जमिनीची चाल लागायचीच नाही, मेगा झाला की लेव्हिटेट जातं नि तोच अर्थक्वेक डबल बसतो.

लूकमध्ये मात्र साधाच भारी राव. ते खोडकर हसू बास आहे, कपाळावर तिसरा डोळा कशाला हवा?