करवंटीचा कार्बन, २५ किलोची गोणी : रंगाच्या पाण्यासाठी ५ पैकी ३

बडोद्यात मांडवीजवळच्या एका केमिकलवाल्याकडून नारळाच्या करवंटीचा दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातला रंग-वास धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा) घेतला. दांडिया बाजारात घरामागे माझं छोटंसं बांधणी-बाटिकचं काम आहे, सगळे रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक जोड होऊन पक्के बसणारे), आणि या रंगांचं दुखणं असं की कितीही नीट करा बराचसा रंग कापड धरतच नाही, धुतला की सरळ मोरीत. नंदेसरीतल्या कारखान्यांचं पाणी ट्रीट होऊन चॅनलने पार खंभातच्या आखातापर्यंत जातं, आपल्यासारख्यांचं जाणार कुठे, गटारात.

माल म्हणून गोणी चांगली आहे. दाणे कडक, एकसारखे, नीट धुतले की काळं पाणी यायचं थांबतं, पिंपात भरून वरून पाणी सोडलं तर चोंदत नाही. फिका गुलाबी, पिवळा असं काही असलं आणि नळ अगदी बारीक सोडला तर खालून पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येतं. काळा आणि फिरोजी मात्र कार्बनला जुमानत नाहीत.

गोणीवर आयोडीन नंबर (कार्बन किती आयोडीन शोषतो त्याचं माप) ९५० छापलाय, दुकानदार भाई तोच दाखवून म्हणतात "बेन, आनाथी सारुं कंई नहीं मळे", म्हणजे याहून चांगलं काही मिळणार नाही. अहो पण आयोडीनचा रेणू तो केवढासा, त्या नंबरावरून फक्त बारीक छिद्रं किती ते कळतं, आणि करवंटीच्या कार्बनची बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरच्या आतलीच, क्लोरीन नि वास काढायला एकदम झकास, पण माझ्या काळ्या रंगाचा, रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चा, रेणुभार ९९० च्या वर, तो आत शिरणार कसा? दुकानात डेमो देतात तो मेथिलीन ब्लूचा, रेणुभार ३२० आणि वर धन विद्युतभाराचा, तो बहुतेक कार्बनला पटकन चिकटतो. त्यावर जाऊ नका, आपलंच रंगाचं पाणी बाटलीत भरून न्या. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि तिथे रंगाईची केमिस्ट्री शिकवली जायची, त्याच गावात दुकानदार "रंग कुठला?" एवढंही विचारत नाही, असो.

काळ्यासाठी त्यांच्याकडचीच लाकडापासूनची डीकलराइजिंग (रंग काढणारी) कार्बन पावडर मागा, तिची छिद्रं मोठी असतात. मी तीच वापरते आता. आधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, कारण रंगाईत घातलेल्या सोड्यामुळे पीएच ११ च्या आसपास असतो आणि हे रंग ऋण विद्युतभाराचे, आंबट पाण्यात कार्बन त्यांना जास्त धरतो. ढवळून ठेवायचं, मग तुरटीने गाळ बसवायचा. हात, ओटा, नखं सगळं काळं होतं, डबा उघडताना पंखा बंद करा नाहीतर भिंतीसुद्धा. आणि पाणी नितळ दिसलं म्हणून तुळशीला घालू नका, रंगाईतलं मीठ कार्बनने जात नाही.

वापरलेला कार्बन दुकानवाले परत घेत नाहीत. मोठ्या कारखान्यांचा दाणेदार माल ८००-९०० डिग्रीला भट्टीत तापवून परत चालू करतात, आपल्या दोन पोत्यांसाठी भट्टी कोण पेटवणार, म्हणून मी वाळवून वेगळा भरून ठेवलाय, घंटागाडीत देत नाही.

सुटा माल मागितला तर ५ किलोसुद्धा देतात, पक्कं बिल मात्र मागून घ्यावं लागतं. दुपारी जाऊ नका, शटर खाली असतं.