मालवणात एकट्याने जेवायचं असेल तर

ऑडिटसाठी कुडाळला होतो, शनिवार-रविवार मालवणला काढला. चिवला बीचजवळच्या घरगुती खानावळीत जेवलो. एकटं गिऱ्हाईक म्हणून कुठे तोंड वाकडं नाही. काकूंनी आधी विचारलं, "काटे काढूक येतत मा?" मगच बांगड्याचं तिखलं वाढलं. रस्सा अंगाबरोबर, तिरफळं ठेचून घातलेली. जिभेला मुंग्या येतात आणि भात आपसूक जास्त जातो. सोलकढी ताज्या नारळाच्या रसाची, वर लसणाचा वास. अशी शहरात मिळत नाही! सुरमई मात्र फार तळल्याने कोरडी झाली होती. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणार असाल तर सकाळचीच होडी धरा, आणि शिवराजेश्वराचं मंदिर बघाच. मासे संपले की खानावळ बंद, त्यामुळे एकच्या आत परता.