बडोद्याच्या कुटुंबासाठी जुनी यॉट: २५ फुटी की ३५ फुटी?

जवळपास सारख्याच पैशात शिडाच्या दोन जुन्या यॉट समोर आल्या, एक २५ फुटी आणि एक ३५ फुटी, की मन मोठीकडेच धावतं. केबिनमध्ये ताठ उभं राहता येतं, शौचालय वेगळं असतं, आजी-आजोबांनाही नेता येतं. पण बडोदेकरांनी आधी बोट राहणार कुठे, ते ठरवावं. खंभातचं आखात हाकेच्या अंतरावर आहे खरं, पण भावनगरच्या बाजूला उधाणात पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं, ओढ जबरदस्त आणि ओहोटीला दूरवर नुसता गाळ. तिथे कौटुंबिक यॉटचं काम नाही. म्हणजे मुंबई, चारशे किलोमीटर लांब, आणि पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर.

इथेच माझं मत लहानीकडे झुकतं. बोट स्वस्तात मिळाली म्हणून पुढचा खर्च कमी होत नाही, तो लांबी-वजनावर ठरतो. ३५ फुटी सहज पाच-सहा टन भरते, २५ फुटी दोनेक टन. क्रेन, तळाचा शेवाळरोधक रंग, शिडं, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा, सगळंच त्या मापात महागतं. तारा साधारण दहा वर्षांनी बदलाव्यात, वरून चकचकीत दिसल्या तरी. लहानीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून अडकवलेलं) इंजिन गाडीत टाकून घरी आणता येतं आणि सर्व्हिसिंग बडोद्यातच होतं. मोठीचं डिझेल इंजिन जागचं हलत नाही, तिथे मेकॅनिक मोकळा होईल तेव्हाच काम.

दुपारी मुंबईत वायव्येचा वारा वाढतो. तेव्हा ३५ फुटीचं पुढचं शीड ओढायला विंच (दोर गुंडाळून ओढायचं चक्र) आणि चांगला दम लागतो. २५ फुटीवर तेच काम शाळकरी मुलगी करते, आणि सुकाणूही धरते. मुलांना शिडाचं वेड लागावं असं वाटत असेल, तर याला मी सगळ्यात जास्त किंमत देईन.

मोठी कुठे सरस? लाटांत ती कमी हेलकावते. दाभोळ, जयगडपर्यंत रात्री मुक्काम करत जायचं असेल आणि मुंबईतलं एखादं कुटुंब निम्मा वाटा उचलणार असेल, तर ती जरूर घ्या. खाडीच्या मुखाशी वाळूचे बांध असतात, त्यामुळे तिच्या खोल कीलसाठी (तळाखाली उतरणाऱ्या जड पात्यासाठी) भरतीची वेळ पाहूनच आत शिरा.

कोणतीही पाहा, डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत फिरा, विशेषतः कठड्याच्या खांबांच्या बुडाशी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर आत पाणी मुरून फायबरग्लासच्या थरांमधलं लाकूड कुजलेलं असू शकतं, आणि ते काढून पुन्हा भरणं फार खर्चाचं काम आहे.

पाहायला मेअखेरीनंतर जा. तेव्हा बोटी पाण्याबाहेर निघतात आणि कील, सुकाणू, तळ सगळं उघडं दिसतं. बयाणा द्याल तो बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरचा अहवाल पटला तरच व्यवहार, अशी अट लेखी घालूनच.