कॉलेज रोडचं पार्लर: कटिंग मस्त, सल्ले नकोत

भाचीच्या चुलत बहिणीचं लग्न आहे म्हणून तिला घेऊन नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका पार्लरला गेले होते, नाव मुद्दाम टाकत नाही कारण जे लिहितेय ते आजूबाजूच्या बऱ्याच पार्लरना लागू होईल. आधी चांगलं सांगते. लेयर कट ४५० मध्ये एक नंबर झाला, कापणारी मुलगी आधी केस कोरडे असताना बघते, भोवरा कुठेय ते बघते, मगच कात्री लावते. थ्रेडिंग पण हलक्या हाताने, उगाच भुवया बारीक करून ठेवत नाहीत. टॉवेल स्वच्छ.

आता खटकलं ते. पोरगी जेमतेम १७ वर्षांची, खुर्चीत नीट बसली पण नाही तर सुरू, "ताई, चेहरा किती गोड आहे हो हिचा, पण टॅन बघा ना किती झालाय". अहो टॅन कसला, रंगच तो आहे तिचा, आमच्या घरात सगळे तसेच! आणि आमची ही भाची नाशिकच्या उन्हात स्कूटीवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून फिरते, डोळे सोडून काही दिसत नाही, ऊन लागायला जागा तरी कुठेय.

मग रेट कार्ड आलं. चेहरा वेगळा, मान वेगळी, पाठ, काख, कोपर, गुडघे, आणि हद्द म्हणजे बोटांचे सांधे, त्याला पण वेगळे पैसे. मला वाटलं भाची हसेल, तर ती म्हणे "मावशी, डार्क नकल्स आहेतच गं माझे, रीलमध्ये दाखवतात ना". तिला ही सगळी नावं पाठ आहेत, स्ट्रॉबेरी लेग्ज (पायावरचे काळे ठिपके) काय, हिप डिप्स (कमरेखाली बाजूला पडणारा खळगा) काय. आमच्या वेळी पिंपल आणि कोंडा, संपला विषय. म्हणजे रीलवाले आधी खोट काढून तिचं बारसं करून ठेवतात आणि पार्लरवाले त्याच नावाने बिल फाडतात, बरं जमलंय दोघांचं. भिंतीवरचे बिफोर-आफ्टर फोटो पण बघा, बिफोर ट्यूबलाइटखाली, आफ्टर रिंगलाइटमध्ये आणि वर फोनचा ब्युटी मोड चालू, कातडीवर एक भोक दिसत नाही.

गोरं हा शब्द मात्र कुठे लिहिलेला नाही, सगळं ग्लो आणि ब्राइटनिंग. मोठ्या कंपन्यांचं पण तेच म्हणा, फेअर अँड लव्हली १९७५ पासून होती, २०२० मध्ये तिची ग्लो अँड लव्हली झाली, पण आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडाटात "वर्ण" चा रकाना आहे तिथेच आहे आणि त्यात निमगोरी लिहायचं की गव्हाळ यावर अजून घरात चर्चा होते. मुलं पण सुटलेली नाहीत, जेन्ट्स सेक्शनमध्ये साखरपुड्याआधी डी-टॅन करायला एक जण बसलेला होताच.

आणि हे नीट वाचा. जाताना काउंटरवरून एक पांढरी डबी पुढे केली, "आमची स्पेशल नाइट क्रीम", लेबल नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. असलं काही अजिबात घेऊ नका. गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा नाहीतर स्टिरॉइड सापडलंय. पाऱ्याने कातडीत रंग तयार होणं थांबतं म्हणून फरक पटकन दिसतो, पण तो अंगात जिरून किडनीला धरतो. अकोल्यातल्या मायलेकींच्या किडन्या अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आलेली आठवत असेल, तिथे पण क्रीम पार्लरमधूनच घेतलेली. स्टिरॉइडने कातडी पातळ होते आणि क्रीम बंद केली की चेहरा लालबुंद, आग आग, त्यातल्या बऱ्याच क्रीमना तर २०१८ पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते.

मालकीणबाईंना हे सगळं बोलले. चिडल्या नाहीत, म्हणाल्या, "ताई, पोरी फोनमध्ये फोटो घेऊनच येतात हो, मला असं करून द्या म्हणून, आम्ही नाही म्हटलं तर पलीकडच्या पार्लरला जातात." हे पण खोटं नाही, कारण तेवढ्यात आमचीच हळूच विचारत होती, निदान हातांचं तरी करूया ना.

नाही केलं. कट आणि थ्रेडिंगला ५ स्टार, बाकीला २. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि कात्रीवाली मुलगी पण त्या दिवशी नसते.