हार्मोनचं जेल आणि रात्रीची कॅप्सूल: अकरा महिने वापरल्यावर

आधी तपशील, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचं काम होईल. वय ४३. पाळी गेली ४१व्या वर्षी. अकरा महिने झाले, पाळी गेल्यावर अंगात कमी पडलेलं इस्ट्रोजेन बाहेरून भरायला रोज सकाळी दंडावर एस्ट्राडायोलचं (इस्ट्रोजेनचाच प्रकार) ०.०६ टक्क्यांचं जेल लावते आणि दर महिन्यात १२ रात्री मायक्रोनाइज्ड (बारीक कणांच्या) प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे दुसऱ्या स्त्री-हार्मोनची, २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेते. राहते सांगलीत, नोकरी एका सहकारी बँकेत, कॅश काउंटरला.

काउंटरचं मुद्दाम सांगितलं, कारण सुरुवात तिथेच झाली. महिन्याची एक तारीख, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत, नोटा मोजायचं मशीन बंद. पाचशेचं बंडल हाताने मोजत होते आणि छातीतून काहीतरी वर चढलं, इस्त्रीची वाफ तोंडावर यावी तसं. दोन मिनिटांत मानेवरून घामाच्या धारा. काचेपलीकडचे आजोबा म्हणाले, "ताई, पाणी प्या, बीपी असंल." बंडल परत मोजलं तर अठ्ठ्याण्णव. मग शंभर. मग नव्व्याण्णव. त्या दिवशी कॅश जुळायला साडेसात वाजले.

पुढचं जवळपास वर्ष मी "टेन्शन" या एका शब्दावर काढलं. बीपी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, मग झोपेची एक छोटी गोळी मिळाली. पाळी आधी एक महिना चुकली, मग तीन महिने, मग आलीच नाही. खरं सांगू, मला बरंच वाटलं होतं. कटकट गेली. ती गेल्याचा आणि रात्री तीनला गाऊन भिजण्याचा काही संबंध असेल, हे ना मला सुचलं ना गोळ्या लिहून देणाऱ्यांना. डिसेंबरात नवरा सोलापुरी चादरीत गुंडाळलेला आणि मी खिडकी उघडून उभी, असा आमचा संसार चालला होता. सहा महिन्यांत तीनदा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ. सासूबाईंनी धन्याचं पाणी दिलं, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, आणि ती परत लागली.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेले त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आईची पाळी कधी गेली?" मला माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षी. का गं?" इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता. आईचं ५८व्या वर्षी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं, आता पाठीत वाक आलाय, आणि आम्ही सगळे आजवर फरशीला दोष देत आलो.

भारतात पाळी सरासरी ४६-४७च्या सुमारास जाते. ४० ते ४५मध्ये गेली तर ती लवकर, आणि चाळिशीच्या आत गेली तर त्याला अकाली म्हणतात, तो आणखी गंभीर मामला. माझं एफएसएच (अंडाशयांचं काम थांबत आलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ५८ आलं, सहा आठवड्यांनी ६४. मिरजेला जाऊन हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. मणक्याचा टी-स्कोअर उणे १.९. उणे २.५च्या खाली गेला की हाडं ठिसूळ म्हणतात. मी ४२व्या वर्षी त्या रस्त्याला लागले होते.

हार्मोन घ्यायचे म्हटल्यावर घरात जे झालं ते लिहिलंच पाहिजे. नणंद म्हणाली, कॅन्सर होतो. बँकेतली मैत्रीण म्हणाली, कॅन्सर होतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गेली ती बरी झाली की! परत कशाला आणतीयास?" आणि माझी आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेलेली, त्यामुळे मीही मनातून टरकलेच होते. डॉक्टरबाईंनी आत्याचं वय विचारलं. ६८व्या वर्षी झाला होता. एकट्या आत्याला, तोही त्या वयात, एवढ्यावरून तुम्हाला हे औषध नाकारता येणार नाही, म्हणाल्या. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असता तर त्यांनी आधी वेगळा विचार केला असता.

मग त्यांनी या भीतीचं मूळ समजावलं. २००२ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी मधेच थांबवली गेली, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३. म्हणजे पाळी जाऊन दशक उलटलेल्या. त्यांना गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन पोटातून दिलं होतं आणि जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन. वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाचे कॅन्सर ३०च्या जागी ३८ झाले. वाढ खरीच होती, कुणी नाकारत नाही. पण बातमी सगळ्या बायकांना एकाच मापाने लागली. माझ्या वयात माझ्या अंडाशयांनी जे बनवायला हवं होतं तेच बाहेरून भरायचं, साधारण पन्नाशीपर्यंत. तोवर धोक्याची तुलना ज्या बाईची पाळी चालू आहे तिच्याशी करायची, साठीतल्या बाईशी नाही. आणि न घेतल्याचाही धोका असतो, हाडांना आणि हृदयाला. तो धोका मला घरात कुणी सांगितला नव्हता.

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे चौकटीतले जुने इशारे काढायचं जाहीर केलं. मी ते नणंदेला पाठवलं. तिने अंगठा दाखवला, पण पटलं असं वाटत नाही.

गंमत सांगते. याच घरात गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पाकिटं कपाटात तयार असायची. नॉरएथिस्टेरॉन, दिवसाला तीन. औषधवाला चिठ्ठीही मागायचा नाही. पंधरा वर्षं मी त्या घेतल्या, नणंदेनेही घेतल्या, सासूबाईंनी तर दिवस मोजून हातावर ठेवल्या. तोही हार्मोनच की. आठवडाभराची गोळी आणि वर्षानुवर्षांचं औषध सारखं नाही, मान्य. पण गौरी जेवायच्या म्हणून घेतलेल्या हार्मोनची कुणाला भीती वाटली नाही, आणि माझ्या मणक्यासाठी घेतलेल्याची सगळ्यांना वाटली.

सुरू करण्याआधी मॅमोग्राफी, पोटाची सोनोग्राफी, बीपी, लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या झाल्या. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताची गाठ झालीये, लिव्हरचा आजार आहे किंवा कारण न कळता अंगावरून जातंय, त्यांनी माझं वाचून काही ठरवू नये.

आता जेल. गोळीऐवजी जेल का? कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमध्ये जात नाही, त्यामुळे गोळीने रक्ताच्या गाठीचा जो धोका वाढतो तो इथे टळतो. ट्यूबबरोबर प्लास्टिकची मापपट्टी येते. सुरुवात अर्ध्या मापाने, म्हणजे १.२५ ग्रॅम जेल, त्यात ०.७५ मिलिग्रॅम एस्ट्राडायोल. तीन महिन्यांनी पूर्ण माप. लवकर पाळी गेलेल्यांना पुष्कळदा जास्त डोस लागतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्यापर्यंत, पातळ पसरायचं. स्तनांवर अजिबात नाही. तासभर तिथे पाणी लावायचं नाही, आणि सुकेपर्यंत कुणाचा स्पर्श नको, विशेषतः लहान मुलांचा.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक मूर्खपणा झाला. आंघोळ, लगेच जेल, आणि तशीच ओल्या दंडाने देवापुढे निरांजन लावायला. काडी ओढली आणि स्पिरिटसारखा वास नाकात गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जेलमध्ये अल्कोहोल असतं, सुकेपर्यंत ते पेट घेऊ शकतं. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता आधी देवपूजा, चहाचा गॅस बंद, मग जेल, मग पाच मिनिटं बिनबाह्यांच्या गाऊनवर पेपर वाचत बसायचं. सकाळची ती पाच मिनिटं घरात कुणी मला काही विचारत नाही, हा फायदा पत्रकात लिहिलेला नाही.

कॅप्सूल गर्भाशयासाठी. नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ज्यांची पिशवी आहे त्यांना दुसरं औषध चुकवता येत नाही. माझ्या वहिनीची पिशवी काढलीये, तिला ते लागणार नाही. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली तर पाळी त्याच दिवशी संपते, वय काहीही असो. आमच्या कारखान्यांवर बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्याचं २०१९मध्ये गाजलं, समितीही नेमली गेली. त्यांच्याशी हार्मोनबद्दल कुणी एक शब्द तरी बोललं असेल का, हा विचार हल्ली उसाची ट्रॉली दिसली की येतो.

तर कॅप्सूल. पहिल्या रात्री घेऊन मी ओट्याची आवराआवर करत बसले आणि अर्ध्या तासात फ्रिजला धरून उभी. घेरी आली होती. ती झोपतानाच घ्यायची, म्हणजे खरोखर गादीवर बसून. एकदा हे कळल्यावर मात्र त्या बारा रात्री माझ्या महिन्यातल्या सगळ्यात गाढ झोपेच्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर विचारून घ्या, काही कॅप्सूलमध्ये शेंगतेल असतं. बारा दिवस संपले की दोन-तीन दिवसांत अंगावरून जातं. ती खरी पाळी नव्हे, वाढलेलं अस्तर गळतं. सासूबाईंना हे तीनदा समजावलं. त्यांच्या लेखी मी "परत चालू करून घेतली".

फरक कधी पडला? पहिले तीन आठवडे काहीच नाही, उलट छाती दुखरी, ब्लाउज नकोसा, थोडी डोकेदुखी. चौथ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री गाऊन बदललेला नाही. वाफा दिवसाला दहा-बारावरून तीन-चारवर आल्या, पूर्ण डोस झाल्यावर जवळजवळ बंद. हा फरक खरंच जेलमुळे का, ही माझ्या मनातली शंका पावसाळ्यात फिटली. इथल्या दुकानांत जेल पडून नसतं, चार दिवस आधी सांगावं लागतं. कोयनेतून पाणी सोडलं, रस्ते बंद, माल आला नाही आणि मी नऊ दिवस जेलशिवाय. पाचव्या दिवशी, भर काउंटरवर, तीच इस्त्रीची वाफ. तेव्हापासून एक ट्यूब जास्तीची घरात असते. पूर्ण डोसला ८० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते. खर्च खिशातूनच, विमा यात काही देत नाही.

जे सुधारलं नाही तेही सांगते. वजन तसंच. केस गळणं थोडं कमी. गुडघे सकाळी अजून कुरकुरतात. नावं अजून ऐन वेळी आठवत नाहीत, पण बंडल एका मोजणीत शंभर भरतं. खालचा कोरडेपणा जेलने पुरता गेला नाही, त्यासाठी इस्ट्रोजेनचं वेगळं क्रीम आत लावायला दिलं, आठवड्यातून दोनदा. त्यानंतर उन्हाळी एकदाही लागली नाही, आणि नवऱ्याशी जे दोन वर्षं नुसतं टाळत होते ते त्याला तोंडाने सांगता आलं. त्याला वाटत होतं माझं मन उडालंय. आणखी एक, हे गर्भनिरोधक नाही. लवकर पाळी गेलेल्यांत क्वचित बीज सुटू शकतं, म्हणून आम्ही दुसरी काळजी घेतो.

हाडांचं अजून काही सांगता येत नाही, पुढचा डेक्सा वर्षभराने. मुलगी १४ची आहे. आजीचं ४२ आणि माझं ४१, हे दोन आकडे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

आई ६७ची. माझं पाहून म्हणाली, "मलाही ती ट्यूब आण." डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, साठीनंतर हे नव्याने सुरू करत नाहीत. तिच्या हाडांसाठी आठवड्याची एक गोळी दिलीये. रविवारी सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तो अर्धा तास ती खुर्चीत ताठ बसून मला फोन करते. मीही तेव्हा दंड सुकवत बसलेली असते.